मदत हवी आहे: जुन्या बुटांच्या बटणांचे गंजलेले आकडे काढावेत की ठेवावेत?

नमस्कार. अमेरिकेतील एका लहान संग्रहालयात मी वस्तूंच्या देखभालीचे स्वयंसेवी काम करतो. सध्या माझ्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, बाजूने बटणे असलेला स्त्रियांच्या चामडी बुटांचा एक जोड आला आहे. त्याची बटणे दोऱ्याने शिवलेली नाहीत; प्रत्येक बटणामागच्या कडीतून तारेचा बारीक आकडा ओवून, त्याची दोन्ही टोके चामड्यातून आरपार नेऊन आतून दुमडली आहेत. असे आकडे बसवण्याचे यंत्र विकताना ‘यात आमचेच आकडे वापरावेत’ अशी अट हीटन-पेनिन्सुलर कंपनीने घातली होती आणि 1896 मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. (प्रिंटर विकून शाईवर कमावण्याची युक्ती तर मग बरीच जुनी म्हणायची!)

अडचण अशी की आकडे गंजले असून त्यांच्याभोवतीचे चामडे तपकिरी आणि ठिसूळ झाले आहे, शिवाय आतल्या टोकांना अडकून कापडी अस्तरही फाटू लागले आहे. टोके सरळ करून आकडे काढावेत, तर भोके मोठी होण्याची भीती वाटते; तसेच ठेवावेत, तर गंज पसरत जाईल. मूळ जोडणी जपणेच मला अधिक योग्य वाटते, कारण दोऱ्याने शिवल्यास वस्तूची ओळखच पुसली जाईल.

चामड्याला धक्का न लावता गंज थोपवण्याचा उपाय कोणी प्रत्यक्ष केला आहे का? सैल झालेल्या बटणांसाठी नवी तार वापरावीच लागली, तर ती पितळेची घ्यावी की स्टेनलेस स्टीलची? चामड्याच्या जतनाचे काम करणाऱ्यांनी किंवा मुरलेल्या चर्मकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.