अनुभव धागा: 'प्रिन्स' आणि ती साठ मिनिटं

परवा माळा आवरताना साडेतीन इंची फ्लॉप्यांचा डबा सापडला. एकीवर माझ्याच अक्षरात 'प्रिन्स. हात लावू नये.' असं लेबल. वाचायला ड्राइव्ह नाही, पण ते बघूनच पायाखालची फरशी थरथरली. ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल.

तर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. पहिला, १९८९चा कॉम्प्युटर गेम, साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं तो. नंतरचे चकचकीत इथे नकोत. कुठे खेळलात, कुठे अडकलात, कुणाचा मार खाल्लात, सगळं लिहा. मीच सुरुवात करतो.

१९९४ची सुट्टी, अकरावीत जाणार होतो. गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासला चपला बाहेर काढून आत जायचं, कारण धूळ मशीनला चालत नाही म्हणे. सर चार वाजता चहाला जात, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी रोज त्या पहिल्या पहारेकऱ्याकडून मरत असे, एका घावात. आठवडाभर मला वाटत होतं, हा गेम म्हणजे पळत पळत येऊन मरायचं. शेवटी शेजारच्या मशीनवरचा सातवीतला पोरगा वैतागून म्हणाला, "दादा, तलवार उलट्या बाजूला खाली पडलीय, ती उचला आधी."

शिफ्टवाली ताई

आमच्या घरी एकच खुर्ची आणि दोन भावंडं. बाण भावाचे, शिफ्ट माझं, अशी वाटणी. हसू नका, शिफ्ट हे मोठं खातं आहे. शिफ्ट धरून बाण दाबला की प्रिन्स जपून एकच पाऊल टाकतो आणि कडेला आला की थांबतो. कड हुकली तरी शिफ्ट धरलेलं असेल तर बोटांनी लोंबकळतो. म्हणजे त्याने उडी मारायची आणि मी जीव वाचवायचा. एक मजला पडलो तर काही नाही, दोन पडलो तर एक त्रिकोण (म्हणजे जीवाचा एक हिस्सा) गेला, तीन मजले म्हणजे खलास. मी शिफ्ट उशिरा धरलं म्हणून तो माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. अजून राखीला हा विषय निघतो. मी अजूनही म्हणते, त्याने उडीच लवकर मारली होती.

केशरी मॉनिटर

तुम्हा रंगीतवाल्यांचं बरं होतं. काकांच्या ऑफिसातल्या मशीनला हर्क्युलस कार्ड, म्हणजे सगळं जग केशरी आणि काळं. लाल बुडबुड्यांची बाटली औषध आणि निळ्याची विष, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर पिऊन बघणे हीच पद्धत. कुठल्या खोलीतली बाटली कशी, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. ती वही गणिताची होती आणि गणिताच्या बाईंनी ती वाचली. 'लेव्हल ३, डावीकडची पिऊ नये' यावर वडिलांना शाळेत बोलावणं आलं.

खडूस

नुसतं पळा, उड्या मारा, भोसका. यात डोकं कुठे लागतं? कोडी सोडवायची तर 'लोड रनर' खेळा, तोही याच ब्रॉडरबंड कंपनीचा, १९८३चा. खड्डा कुठे खणायचा, आधी कुठला, नंतर कुठला, याचा विचार करून घाम फुटतो. प्रिन्स दिसायला देखणा, एवढंच.

शिफ्टवाली ताई

अहो खडूस, चौथ्या लेव्हलचा आरसा पार केलात का कधी? बाहेरचं दार उघडून परत येता आणि मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेत आरसा उभा. तिथे तलवार चालत नाही आणि चढायला जागा नाही. लांबून पळत येऊन थेट स्वतःच्या प्रतिबिंबावर उडी घ्यायची. आरशातून आरपार जाता तेव्हा दुसऱ्या बाजूने तुमची सावली निघून पळते आणि तुमच्यात एकच त्रिकोण उरतो. हे न सांगता ज्याला सुचलं, त्याच्यासाठी मी माझं शिफ्ट सोडायला तयार आहे.

सी-वाला

त्या सावलीची गोष्ट सांगतो, कारण त्यासाठीच मी प्रोग्रॅमिंगमध्ये पडलो (आणि आता एक्सेलच्या मॅक्रोंत अडकलोय, ते जाऊ द्या).

जॉर्डन मेकनरने हा गेम ॲपल टू या कॉम्प्युटरवर एकट्याने लिहिला. १९८५मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग एकेक चित्र थांबवून त्याच्या बाह्यरेषा घेतल्या. म्हणून प्रिन्सच्या पायाला वजन आहे. वळताना तो घसरतो, धावताना लगेच थांबत नाही. तलवारबाजी १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या द्वंद्वावरून उचलली. संगीत वडिलांचं. सगळं घरचं कार्य.

पण एवढ्या हालचाली साठवण्यात मेमरी संपली. शत्रूचं चित्र ठेवायला जागाच नाही. मुळात मेकनरला मारामारी नकोच होती, पण सहकारीण मागे लागली की कुणीतरी समोर उभं राहिल्याशिवाय यात जीव येणार नाही. तेव्हा त्याने प्रिन्सचंच चित्र घेतलं, एका बिटने सरकवून त्याच्याच अंगावर एक्स-ऑर केलं (म्हणजे दोन्ही चित्रं जिथे सारखी तिथे काळं), आणि पडद्यावर एक झगझगणारी, भुतासारखी आकृती आली. नवीन चित्राला एक बाइट लागला नाही. पहारेकऱ्यांना नंतर कशीबशी जागा करून दिली.

आता बारावी लेव्हल आठवा. ती सावली समोर येते, तुम्ही वार करता आणि त्रिकोण तुमचाच जातो. माझे सोळा वेळा गेले असतील. उत्तर काय, तर खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि चालत जाऊन तिला भेटायचं. दोघे एक होता. पुढे खाई दिसते, तिथे बिनधास्त पळत सुटायचं, पायाखाली फरशी आपोआप उगवते. खडूस, याला तुम्ही भोसकणं म्हणता?

खडूस

बारावीपर्यंत पोचलोच नव्हतो. सहाव्या लेव्हलचा तो जाडा पहारेकरी माझा बाप निघाला. बरं, अर्धा शब्द मागे घेतो.

डेव्हचा पंखा

धाग्याचा विषय नाही, तरी 'डेंजरस डेव्ह' या दुसऱ्या गेमला नमस्कार घालून जातो. शाळेच्या लॅबमध्ये प्रिन्स हुशार पोरांचा, डेव्ह आमचा.

मेगाहिट

डॉसवर नुसतं 'प्रिन्स' न टाइप करता पुढे 'मेगाहिट' लिहायचं, मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल. मी पाऊण तासात राजकन्या सोडवली.

धागाकर्ता

मेगाहिटवाल्यांची पंगत वेगळी. कृपया जिन्याखाली बसावे.

बँकेतला

माझी आठवण वडिलांची आहे. १९९६ला आमच्या शाखेत मशीन आलं आणि मी घरीही एक जुनं घेतलं. नाना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, कशातच मन लागत नव्हतं. एकदा रात्री उठलो तर स्पीकरमधून ते किरकिरं पीं-पीं ऐकू येत होतं. नाना लुंगीवर बसून, चष्मा कपाळावर, त्या कचाकच मिटणाऱ्या सुऱ्यांसमोर प्रिन्सला उभा करून ताल मोजत होते. बोटाने टेबलावर, "धा धिं धिं धा." समेवर पाऊल टाकलं आणि पलीकडे. आयुष्यभर भजनाला तबला वाजवलेला माणूस. मी सहा महिने जिथे मरत होतो तिथे ते कधीच मेले नाहीत. उड्या मात्र त्यांना जमल्या नाहीत, तिथे मला हाक मारत. "अरे, ती खाई तेवढी ओलांडून दे."

एडिसनहून

लेक नऊ वर्षांचा. ब्राउझरमध्येच चालतो आता, त्याला लावून दिला. पहिल्याच दिवशी विचारलं, "पॉज केल्यावर मागच्या चेकपॉइंटला कसं जायचं?" म्हटलं, जायचं नाही, मेलास तर लेव्हल पहिल्यापासून आणि गेलेला वेळ गेलेला. आठव्या लेव्हलला दार उघडून आला आणि पाहतो तर परतीचं जाळीचं फाटक बंद. उड्या मारल्या, फरश्या तपासल्या, रडकुंडीला आला. मी मागे उभी, जीभ चावून. शेवटी इतकंच म्हटलं, "काही करू नकोस, नुसता उभा राहा." घड्याळ चालू असताना उभं राहणं त्याला फार जड गेलं. मग तो पांढरा उंदीर आला, फरशीतल्या कळीवर चढला, फाटक वर गेलं. पोराने कीबोर्डवरून हात काढून टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यात फाटक परत खाली आलं. उंदीर काही पुन्हा येईना. पुढच्या वेळी त्याने हात हलवले नाहीत.

सी-वाला

धागाकर्ते, माझ्याकडे यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आहे. कोथरूडला. बुरशी असेल तर आधी नुसती पुसू नका, मी बघतो. मेकनरचा मूळ कोडही असाच, वडिलांनी आवराआवरीत खोकं शोधून दिल्यावर २०१२मध्ये बाहेर आला होता.

धागाकर्ता

कालच जाऊन आलो. ड्राइव्ह तीनदा खरखरला आणि चौथ्यांदा वाचलं. गेम गेलेला, मधले सेक्टर खराब. वडिलांच्या लोटसच्या (एक्सेलआधीचा हिशेबाचा प्रोग्रॅम) दोन शीट आणि एक इवलीशी फाइल तेवढी शाबूत होती: प्रिन्स डॉट सॅव्ह, म्हणजे अर्धवट जतन केलेला डाव, आकार ८ बाइट. सी-वाल्यांनी ती त्यांच्या मशीनवरच्या प्रिन्समध्ये टाकली आणि कंट्रोल-एल दाबलं.

सातवी लेव्हल, चार त्रिकोण, उरलेली मिनिटं ११. खुर्ची मला दिली त्यांनी.