पीसीएम घेऊन बारावी झाली. एमबीबीएससाठी आता जीवशास्त्र जोडता येईल का?

तापीकाठ:
पुतणी २०२५ मध्ये राज्य मंडळाची बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली. गुण असे: इंग्रजी ७०, भौतिकशास्त्र ४६, रसायनशास्त्र ५१, गणित ७८ आणि बायफोकल (बारावीतला व्यावसायिक विषय) संगणकशास्त्र २०० पैकी १६३. एकूण ६०० पैकी ४०८, म्हणजे ६८ टक्के. दहावीही महाराष्ट्रातूनच, प्रवर्ग ओबीसी. तिला आता नीट, म्हणजे एमबीबीएसची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. जीवशास्त्र नाही म्हणून रस्ता बंद होतो का? आणि ६८ टक्के पुरतात ना?

शिवार_०७:
नाही जमणार. अकरावी-बारावी दोन्ही वर्षे जीवशास्त्र प्रात्यक्षिकांसह नियमित शिकलेलं लागतं. पुन्हा अकरावीला प्रवेश घ्यावा लागेल.

निशिगंध:
शिवार, तुम्ही सांगताय तो १९९७ च्या विनियमांचा काळ. जून २०२३ मध्ये पदवी वैद्यकीय शिक्षणाचे नवे विनियम आले आणि २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर सूचना काढून स्पष्ट केलं, की बारावीनंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण केलं तरी नीट देता येते. तेव्हा मुलीचं एक वर्षही अकरावीत घालवू नका.

तापीकाठ, रस्ता उघडा आहे, पण ६८ टक्क्यांचा इथे उपयोग नाही. प्रवेशासाठी गुणपत्रिकेवरच्या तीनच ओळींची बेरीज होते: भौतिक, रसायन, जीवशास्त्र. गणितातले ७८ आणि संगणकाचे १६३ या हिशेबात येतच नाहीत. इंग्रजी फक्त उत्तीर्ण हवं, ते आहे.

तीन विषयांच्या ३०० पैकी खुल्या प्रवर्गाला ५० टक्के म्हणजे १५० गुण लागतात आणि ओबीसी, एससी, एसटीला ४० टक्के म्हणजे १२०. पुतणीचे भौतिक आणि रसायन मिळून ९७ होतात. ओबीसी म्हणून जीवशास्त्रात २३ पुरतील असं वाटतं, पण विषय उत्तीर्ण व्हायलाच ३५ हवेत.

तरीही ३५ वर समाधान मानू नका, ५३ चं लक्ष्य ठेवा. प्रवेशाच्या वेळी जात वैधता किंवा नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हातात नसेल तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि मग १५० चीच अट लागू होते. ५३ असतील तर बेरीज १५० होते. ५२ आले तर १४९, म्हणजे ४९.६७ टक्के, आणि ते ५० होत नाहीत.

तापीकाठ:
हा हिशेब लक्षातच आला नव्हता. मग जीवशास्त्रासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा का?

फळा_खडू:
नाही. सतरा नंबरचा फॉर्म शाळा-कॉलेजात प्रवेश न घेता खासगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आहे. पुतणी आधीच उत्तीर्ण आहे, म्हणून ‘तुरळक विषय’ या प्रकारात एकट्या जीवशास्त्राचा अर्ज करायचा. ती ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून उत्तीर्ण झाली तिथल्या कार्यालयात आधी विचारा. ‘श्रेणीसुधार’वर खूण होणार नाही याकडे नीट लक्ष द्या, त्यात सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात.

पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० चं. खरी अडचण प्रात्यक्षिकाची. प्रयोग करून, आकृत्या काढून, शिक्षकांची सही असलेलं जर्नल पूर्ण हवं. त्यासाठी जीवशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयाशी जून-जुलैतच बोलून ठेवा. डिसेंबरात गेलात तर तिथे नियमित मुलांचीच घाई चालू असते.

दुसरा पर्याय एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तिथे जीवशास्त्राचा विषय क्रमांक ३१४ आहे. लेखी ८०, प्रात्यक्षिक २०.

निशिगंध:
एक भर घालते. मंडळाच्या पेपरला बारावीचाच अभ्यासक्रम असतो, नीटला अकरावी आणि बारावी दोन्ही. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. मंडळाचं पुस्तक पाठ करून नीटला बसलं तर वनस्पती आणि प्राण्यांचं वर्गीकरण, पेशीविभाजन, श्वसन, उत्सर्जन असे अकरावीचे घटक कोरे राहतात. दोन्ही वर्षांची एनसीईआरटीची पुस्तकं पहिल्या दिवसापासून हाताशी हवीत.

नीटची पात्रता पर्सेंटाइलवर ठरते, खुल्या प्रवर्गाला ५०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपण किती टक्के परीक्षार्थींच्या पुढे आहोत ते, हेही घरात सगळ्यांना सांगा. ५० पर्सेंटाइल म्हणजे ७२० पैकी ३६० असं समजून मुलं खचतात. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती, ओबीसीची ११३ वर. ही झाली फक्त पात्रता. सरकारी महाविद्यालयातली जागा त्याच्या कितीतरी वर मिळते.

फळा_खडू:
प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, तो प्रश्न इथे दिसत नाही. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातली आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं, ते आजच काढायला टाका. अखिल भारतीय १५ टक्क्यांत ओबीसीचा लाभ हवा असेल तर जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा आणि नॉन-क्रीमीलेयर केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढा. राज्याचं तिथे चालत नाही.

तापीकाठ:
उद्याच महाविद्यालयात जाऊन तुरळक विषयाच्या अर्जाच्या तारखा विचारतो. जात वैधतेचा अर्ज अजून केलेला नाही, तोही या आठवड्यात करतो.

निशिगंध:
वैधतेचा अर्ज आधी करा, महाविद्यालयात दुपारी गेलात तरी चालेल. वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत सोबत जोडा.