कुठल्या टेस्ट चालवायच्या, हे कॉन्फिग फाइलनं ठरवावं का?

परसोडीचा ऑटोमेशनवाला
सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) आणि टेस्टएनजी (जावातल्या टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क) यांवर काम करणाऱ्या नागपुरातल्या मंडळींना विचारतो. आमच्याकडे स्मोक (मुख्य गोष्टी चालतात का याची झटपट तपासणी), रिग्रेशन (जुनं काही मोडलं नाही ना याची तपासणी), पेमेंट अशा प्रत्येक सूटची, म्हणजे टेस्टच्या संचाची, वेगळी एक्सएमएल फाइल आहे आणि तिच्यात क्लासची (टेस्ट ज्यात लिहितात त्या कोडच्या तुकड्यांची) नावं हातानं लिहिलेली. हे थांबवा, असं माझं ठाम मत आहे. क्लासचं नाव चुकलं तर टेस्टएनजी लगेच अडतं. पण नवा क्लास यादीत टाकायचाच राहिला, तर काहीच फेल होत नाही. ती टेस्ट चालतच नाही आणि रिपोर्ट हिरवागार! ब्राउझर, यूआरएल, थ्रेड किती (एकाच वेळी किती टेस्ट चालवायच्या), हे खुशाल फाइलमध्ये ठेवा. टेस्ट स्मोकची आहे की नाही, हे मात्र कोडमध्ये त्या टेस्टच्या डोक्यावरच ग्रुप (गटाचा शिक्का) म्हणून लिहिलेलं असावं.

मिहानची क्यूए लीड
भाऊ, तुमच्या टीममध्ये सगळेच जावा लिहितात, म्हणून सोपं वाटून राहिलं. आमच्याकडे रिलीजच्या रात्री काय चालवायचं हे ठरवणारे लोक कोड उघडत नाहीत. त्यांना एक फाइल वाचता येते, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) तिच्यातला प्रत्येक बदल कोणी केला ते दिसतं. शेकडो मेथडवर (एकेका टेस्टच्या कोडवर) विखुरलेले ग्रुप त्यांनी कुठं शोधत बसायचे? शिवाय फाइलमधला क्रम टेस्टएनजी पाळतं. आधी नोंदणी, मग ऑर्डर.

परसोडीचा ऑटोमेशनवाला
क्रमावर उभ्या टेस्ट पॅरलल, म्हणजे एकाच वेळी, लावल्या की कोसळतात, ताई. ऑर्डरच्या टेस्टनं स्वतःचा युजर स्वतः तयार करावा.

धरमपेठचा पायटेस्टवाला
ग्रुप कोडमध्ये नेले म्हणजे रोग गेला असं नाही. पायटेस्टमध्ये (पायथनच्या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये) मार्करचं, म्हणजे तिथल्या ग्रुपच्या शिक्क्याचं, नाव ‘स्मोक’ऐवजी ‘स्मोख’ टाइप झालं, तर मूळ सेटिंगमध्ये फक्त वॉर्निंग येते आणि टेस्ट स्मोकमधून गुपचूप गळते. त्यावर इलाज कॉन्फिग फाइलच करते. मान्य मार्करांची यादी पायटेस्ट डॉट आयएनआयमध्ये लिहा, स्ट्रिक्ट मार्कर्स चालू करा, म्हणजे अनोळखी नावावर थेट एरर येते. फाइलमध्ये टेस्टची नावं नकोत, टेस्टना लावायच्या शिक्क्यांची हवीत. टेस्टएनजीत ग्रुपचं नाव साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) असते, तिथं निदान कॉन्स्टंट (एकदाच लिहून सगळीकडे वापरायचं नाव) वापरा.

नवीन टेस्टर
एक्सएमएल सोडून यामल हा फाइलचा दुसरा फॉरमॅट घेतला तर? वाचायला सोपं जातं.

धरमपेठचा पायटेस्टवाला
जपून. देशांनुसार सूट असतील, तर नॉर्वेचा ‘एनओ’ कोड अवतरणात घाला. यामल 1.1 त्याला ‘नाही’ समजून फॉल्स करतं. 2009च्या 1.2नं हे बदललं, पण पायथनमधली यामल वाचणारी पायवायएएमएल लायब्ररी अजून जुन्याच नियमानं वाचते.

मिहानची क्यूए लीड
स्मोक-रिग्रेशन ग्रुपवर न्यायला माझी हरकत नाही. पेमेंटची यादी मी सोडणार नाही. काय तपासलं, हे क्लायंट त्या यादीवरून मंजूर करतो.

परसोडीचा ऑटोमेशनवाला
मग यादी ठेवा, पण तिच्यावर पहारा बसवा. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत) छोटी स्क्रिप्ट लावा. पेमेंट पॅकेजमधले सगळे टेस्ट क्लास आणि फाइलमधली नावं जुळवायची, एक जरी बाहेर राहिला तर बिल्ड तोडायचा, म्हणजे नापास करायचा.

मिहानची क्यूए लीड
हे पटलं. पण अर्धवट लिहिलेल्या क्लासमुळे ऐन रिलीजच्या रात्री बिल्ड तुटला, तर?

परसोडीचा ऑटोमेशनवाला
स्क्रिप्ट मर्जच्या, म्हणजे नवा कोड मुख्य ब्रँचमध्ये मिसळण्याच्या, आधी चालवा. अर्धवट क्लास मुख्य ब्रँचवर येणारच नाही.