मदत हवी आहे: सौर वीजप्रकल्पात हिस्सा घ्यावा का? (शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय)

घाईत_आहे
नमस्कार. ओळखीतल्या एकाने सौर प्रकल्पात हिस्सा देऊ केलाय. मोकळ्या जमिनीवरचा, १ मेगावॅट, सगळी वीज ग्रिडला. वर्षाला २३ लाख युनिट, २५ वर्षं, असं कागदावर आहे. परतावा मुदत ठेवीच्या दुपटीहून जास्त. आकडे बरोबर आहेत का तेवढं सांगा. 'आधी अभ्यास करा' असले सल्ले नकोत, वेळ नाही.

गच्चीवाला
लोकांच्या जमिनीवर कशाला? स्वतःच्या गच्चीवर बसवा. माझं बिल जवळपास शून्यावर आलंय. पॅनेल पहाटे धुवायची, उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

घाईत_आहे
@गच्चीवाला, प्रश्न वाचलात का?

आकडेमोड
सरळ हिशेब आहे. १००० किलोवॅट गुणिले वर्षाचे ८७६० तास म्हणजे ८७.६ लाख युनिट. त्यातले २३ लाख म्हणजे २६ टक्के. एका जागी घट्ट बसवलेली पॅनेल चांगल्या उन्हाच्या जागीही साधारण १७ ते २० टक्के देतात. तुम्हाला टोपी घालताहेत. विषय संपला.

तारेवरचा_माणूस
विषय संपायची एवढी घाई नको. ही १ मेगावॅट पॅनेलची का इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारं यंत्र)? पॅनेल स्थिर का ट्रॅकरवर, म्हणजे सूर्यामागे फिरणारी? हे कळल्याशिवाय टक्केवारी काढून काय उपयोग?

कावेरीकाठ
आणि 'हिस्सा' म्हणजे काय? कंपनीचे शेअर, भागीदारी, का तुम्ही त्यांना कर्ज देताय? मी एकदा अशाच एका प्रकल्पाला पैसे दिले होते. मी त्याला हिस्सा म्हणत होते, कागदात ते 'दुय्यम कर्ज' निघालं. म्हणजे आधी बँक, मग ठेकेदार, मग बाकीचे घेणेकरी आणि उरलंसुरलं तर आम्ही. पॅनेल झकास चालत होती हो, वीज रोज जात होती. आमचं व्याज तेवढं तीन वर्षं 'पुढच्या तिमाहीत' येत होतं.

घाईत_आहे
पॅनेल १४०० किलोवॅट, इन्व्हर्टर १०००, स्थिर. हिस्सा म्हणजे हिस्सा, कंपनी काढणार आहेत. वीजखरेदी करार झालाय म्हणाले. आता सांगा.

आकडेमोड
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? १४०० धरले तर पावणेएकोणीस टक्के होतात. ठीक आहे, टोपी मागे घेतो.

तारेवरचा_माणूस
मी अशा प्रकल्पांवर काम केलंय म्हणून थोडं सविस्तर. पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा मुद्दाम जास्त लावतात, कारण पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि भर दुपारी पॅनेलच ६० अंशांवर जातं. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते, म्हणजे तिथेच दहाबारा टक्के गेले. थंड, स्वच्छ दिवशी मात्र दुपारच्या आलेखाचा डोंगर वरून सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो. तेवढी वीज इन्व्हर्टर घेतच नाही. ते हिशेबात धरलेलं असतं.
धरलेलं नसतं ते दुसरंच. २३ लाख हा पी-५० आकडा आहे का पी-९०? पी-५० म्हणजे निम्मी वर्षं त्याहून कमीच भरणार, पी-९० म्हणजे दहातली नऊ वर्षं तरी तेवढी भरणार. कर्ज देणारे बहुधा पी-९० बघतात, हिस्सेदारांना पी-५० दाखवतात. शिवाय वर्षाला अर्ध्या टक्क्याची घट आणि दहापंधरा वर्षांत इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च. या दोन ओळी कागदावर आहेत का?

माद्रिदकर
इथे स्पेनमध्ये काय झालं ते सांगतो. 'सूर्य तुमचा होऊ शकतो' अशी जाहिरात खुद्द सरकारी ऊर्जा संस्थेने केली होती. २००७ च्या हुकुमाने उदार दर ठरला, हजारो कुटुंबांनी कर्ज काढून प्रकल्पांत पैसे घातले. २०१० मध्ये किती तासांच्या विजेला तो दर मिळेल यावर मर्यादा आली, २०१३ मध्ये ती दरपद्धतच मोडीत काढली. परदेशी कंपन्या ऊर्जा सनद कराराखाली (परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार) लवादात गेल्या. देशातल्या सामान्य माणसाला ती वाटच नव्हती. ऊन कमी पडलं नाही, कायदा बदलला.

राईनकाठचा
म्हणून सगळीकडे तसंच होतं असं नाही. जर्मनीत २००० च्या कायद्याने २० वर्षांचा दर दिला आणि जुन्या प्रकल्पांना तो पाळला. नव्यांचं वेगळं: फेब्रुवारी २०२५ पासून बाजारभाव उणे असलेल्या वेळात नव्या प्रकल्पांना दर मिळत नाही, ती वेळ शेवटी मुदतवाढ म्हणून भरून देतात.

माद्रिदकर
एका सरकारने शब्द पाळला म्हणून दुसरं पाळेल?

राईनकाठचा
एकाने मोडला म्हणून सगळे मोडतील?

पाटपाणी
अवांतर: पॅनेलखालच्या गवताचं काय करतात?

तारेवरचा_माणूस
मेंढ्या सोडतात. शेळ्या नाही. शेळ्या पॅनेलवर चढतात आणि केबल कुरतडतात.

पाटपाणी
मेंढ्या भाड्याने आणायच्या का स्वतःच्या? हलके घ्या.

घाईत_आहे
मेंढ्यांचा वेगळा धागा काढा. कागद परत काढून वाचला. करार १२ वर्षांचा आहे. पुढच्या १३ वर्षांसाठी 'अपेक्षित बाजारभाव' असं लिहून दरवर्षी दर वाढवत नेलाय. ग्रिड जोडणीपुढे 'अर्ज केला आहे'. पी-बी काही दिसत नाही.

कावेरीकाठ
सापडलं. कर्जाची मुदत किती? साधारण तेवढीच असेल बघा. हप्ते फिटेपर्यंत हिस्सेदारांच्या हाती फार येत नाही, खरी मलई नंतरची. आणि नेमक्या त्याच वर्षांना करार नाही.

आकडेमोड
आणि त्या वर्षांत दर चढता धरलाय! भर दुपारी सगळ्यांचीच पॅनेल वीज ओततात, तेव्हाच भाव पडतो. शेवटची १३ वर्षं दर निम्मा करून परतावा पुन्हा काढायला सांगा. त्यानंतरही मुदत ठेवीच्या वर राहिला तर पुढे बोला.

तारेवरचा_माणूस
मला जोडणीची जास्त भीती वाटते. अर्जाला कुणी नाही म्हणत नाही. सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का, वाहिनी कुणाच्या खर्चाने ओढायची, ग्रिड भरल्यावर 'बंद ठेवा' म्हणाले तर भरपाई मिळते का, हे विचारा. मी एक प्रकल्प पाहिलाय: पॅनेल लागलेली, कुंपण झालेलं, पहारेकरी नेमलेला आणि जोडणीची वाट बघत चौदा महिने. बँकेचं व्याज रोज चालू.

घाईत_आहे
फोन केला. मंजुरीपत्र मागितलं तर म्हणाले, 'ते येईलच, तोवर टोकन भरून ठेवा'. टोकन परत मिळतं का विचारलं, तर साहेब मीटिंगमध्ये. शुक्रवार आता पुढच्या शुक्रवारवर गेलाय. त्यांनीच ढकलला.

कावेरीकाठ
टोकन भरू नका. मंजुरीपत्राची प्रत आली की इथे नावं झाकून टाका, बघू.

गच्चीवाला
अजूनही सांगतो, गच्ची.

पाटपाणी
प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला होता)