हाफ-टन की थ्री-क्वार्टर टन? कॅम्पर ओढायचाय

डॅलसकर:
कॅम्पर ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त वजन) ७,००० पौंड, माणसं चार. फोर्डची हाफ-टन एफ-१५० योग्य पॅकेजसह ११,००० पौंडांच्या वर ओढते, म्हणजे ती पुरायला हवी. पण कॅम्पग्राउंडवर जो तो थ्री-क्वार्टर टन एफ-२५० डिझेललाच 'खरा ट्रक' म्हणतो. तोच ट्रक ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावला की 'पेव्हमेंट प्रिन्सेस', म्हणजे नुसता मिरवायचा ट्रक! यात गरज किती आणि मिरवणं किती?

वजनकाटा:
ओढण्याचा आकडा बाजूला ठेवा. हाफ-टन आधी पेलोडमध्ये, म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर पेलायच्या वजनात, मार खाते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेचं पिवळं-पांढरं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. ब्रोशरमधला नको, त्याच गाडीवरचा आकडा घ्या. एकाच मॉडेलमध्ये काचेचं छप्पर, पॉवरच्या पायऱ्या असलेली महागडी ट्रिम साध्या ट्रिमपेक्षा कमी वजन पेलते.

आता हिशेब. भरलेला ट्रेलर ६,५०० पौंड धरू. हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडावर, त्याचे १० ते १५ टक्के यायला हवेत. १३ टक्क्यांनी ८४५. वेट-डिस्ट्रिब्युशन हिच (दांड्यांनी भार पुढच्या चाकांवरही वाटणारी) १००. चार माणसं ५६०. ट्रकच्या हौद्यात जनरेटर, कूलर, लाकडं २००. झाले १,७०५. स्टिकरवर १,५८० असेल तर ट्रेलर 'ओढण्याच्या मर्यादेत' असूनही ट्रक १२५ पौंडांनी जास्त भरलेला.

मग गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग तरंगतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हिचवरचं वजन कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवू नका. १० टक्क्यांच्या खाली गेलात की ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो.

पाटेवाला:
सहमत, पण एफ-२५० डिझेल हे सरसकट उत्तर नाही. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड, आणि ते त्याच ट्रकच्या पेलोडमधून वजा होतं. ७,००० च्या ट्रेलरला पेट्रोल एफ-२५० भरपूर झाली. डिझेलला तेलबदलीला १३ क्वार्ट तेल, शिवाय डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं द्रावण) भरणं आलंच. आठवडाभर नुसतं शाळा-ऑफिस केलंत तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पुरता तापत नाही, काजळी साठते, रीजनरेशन, म्हणजे ती जाळून टाकणं, अर्धवट राहतं.

रिकाम्या एफ-२५० चे मागचे पाटे कडक, टायरही जाड, जास्त भाराचे (लोड रेंज ई). खड्ड्यातून जाताना मागच्या सीटवरची मंडळी उडतात. स्टिकरमध्ये बसत असेल तर रोजच्या वापराला हाफ-टनच बरी.

बिनधास्त:
मिरवण्याबद्दल. 'हाफ-टन', 'थ्री-क्वार्टर टन' हे एके काळी पेलोडचे आकडे होते, आता नुसती नावं. फोर्डची छोटी मॅव्हरिकसुद्धा १,५०० पौंडांच्या आसपास पेलते! कुणाचा ट्रक कामाचा हे पाहायचं तर लोगो बघू नका, मागे वाका. हिचच्या चौकोनी नळीतला रंग कोरा करकरीत असेल तर समजून जा. सहा इंच लिफ्ट (गाडी उंचावणं) आणि ३५ इंची टायर म्हणजे बडा घर पोकळ वासा. पेलोड रतीभर वाढत नाही, जड चाकांनी ब्रेकवर ताण येतो, आणि हिच इतकी वर जाते की ट्रेलर सपाट ठेवायला खाली उतरणारा बॉल-माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा धरणारा दांडा) घ्यावा लागतो.

डॅलसकर:
म्हणजे डीलरकडे आधी दार उघडायचं. ट्रेलर आल्यावर खरं वजन कुठे करायचं?

वजनकाटा:
ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर. पाणी, गॅस, माणसं सगळं भरून जा. वेट-डिस्ट्रिब्युशनचे दांडे काढून एक वजन ट्रेलरसकट, दुसरं ट्रेलर सोडून. दोन्ही वेळच्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलची बेरीज करा. फरक म्हणजे हिचवरचं खरं वजन.

आणि गॅरेज मोजा. साडेपाच फुटी हौद्याची चार दारांची एफ-१५० सुमारे १९ फूट ४ इंच, क्रू कॅब एफ-२५० आखूड हौद्यातही २० फूट १० इंच. २० फुटी गॅरेजचं शटर तिच्यावर खाली यायचं नाही.