लग्नाच्या एडिटिंगमधून टीव्हीच्या पोस्टमध्ये जायचं हाय, साऊंड शिकू का कलर?

पुसदचा_एडिटर

नमस्कार मंडळी. मी पुसद तालुक्यातल्या खेड्यातला, वय २४, बीए झालं. चार वर्षापासून लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करून राहिलो, पण मले सिरीयलच्या पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या एडिटिंग-साऊंड-कलरमध्ये, काम करायचं हाये. एका क्लासवाल्यानं सहा महिन्याचे ५० हजार सांगितले, बाबाची पाच एकर कोरडवाहू कपाशी, एवढे पैसे मागाची हिंमत नाही होत. घरी एडिटिंगचं फुकटवालं सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह हाये, त्याच्यावर मावशीचा रोडग्याचा व्हिडिओ केला, वावरात निंबाखाली शूट केला होता. दोन गोष्टी जमूनच नाही राहिल्या. एक तं बाजूच्या वावरातली मोटार चालू होती, तिचा घूं आवाज येते म्हणून मावशी बोलत नाही तिथं मी ऑडिओ म्यूट केला, तरी ऐकाले विचित्रच वाटते. दुसरं म्हणजे मावशीचं तोंड हिरवट दिसते. मोबाईलवर वेगळं, घरच्या टीव्हीवर अजून वेगळं. एडिटिंग, साऊंड, कलर यातलं काय धरू? मुंबईले जाऊ का आधी इथंच शिकू? जाणकारांनी मोकळं सांगा.

दारव्हा_ते_गोरेगाव

भाऊ, क्लासला पैसे देऊ नको. फुकटच्या रिझॉल्व्हमध्येच एडिट, कलर आणि साऊंडचं फेअरलाईट, तिन्ही पानं आहेत, व्हिडिओचं नॉईज रिडक्शन वगैरे पैसेवाल्यात आहे पण शिकायला त्याची गरज नाही.

मी डेली सोपवर एडिटर आहे, आलो तेव्हा असिस्टंट होतो आणि वर्षभर मला कुणी सीन कापायला दिला नाही. सेटवरून कार्ड यायची, दोन ड्राईव्हवर कॉपी करायची, दोन्हीकडे फाईल उघडून बघायची आणि मगच कार्ड फॉरमॅटला परत द्यायचं, मग कॅमेरे सिंक करायचे, सीनप्रमाणे बिन म्हणजे फोल्डर लावायचे, एडिट लॉक म्हणजे पक्कं झालं की साऊंडवाल्यांना एएएफ, म्हणजे टाईमलाईनवरचा ऑडिओ पुढं नेणारी फाईल, काढून द्यायची. तेव्हा वाटायचं यासाठी घर सोडलं का, पण एडिटरच्या मागं बसून जे बघितलं तेच कामी आलं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये एपिसोड असतो साधारण २२ मिनिटांचा आणि टेलिकास्ट थांबत नाही, म्हणून तुझा लग्नाच्या सिझनमधला रात्रभर बसायचा सराव वाया जाणार नाही. मात्र लग्नात आपण गाण्यावर कापतो, इथं बोलण्यावर कापावं लागतं. बोलणाऱ्याचंच तोंड धरून बसायचं नाही, मावशी सांगत असताना मध्येच तिच्या हातातला गोळा दाखव, आवाज मागून चालू राहू दे. हे जमायला मला दोन वर्षं लागली.

आणि तू ग्रॅज्युएट आहेस तर पुण्याच्या एफटीआयआयचं बघ, १९६० पासूनची सरकारी संस्था आहे, तिथं टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स असतात, त्यात एडिटिंगही आहे आणि साऊंडही. प्रवेश परीक्षा असते.

वडसा_साऊंड

दादा, मोटार हा दोषच नाहीये, दोष तू केलेल्या म्यूटचा आहे. मावशी बोलते तेव्हा मागं घूं आहे आणि ती थांबली की एकदम विहिरीत पडल्यासारखं मुकं होतं, कानाला ती पायरी लागते, घूं लागत नाही. जागेचा स्वतःचा आवाज असतो, त्याला आम्ही रूम टोन म्हणतो, उघड्यावर असलं तरी ती सवय तीच. शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद नुसती जागा रेकॉर्ड करायची आणि ती म्यूटच्या जागी भरायची, दोन्ही टोकांना छोटा फेड द्यायचा. मग घूं थोडा कमी कर, पूर्ण काढायला गेलास तर मावशीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल.

मी वडशाची, झाडीपट्टीची नाटकं बघत मोठी झाले, रात्रभर मंडपात बसून मागच्या रांगेतल्या आजीला शब्द कळतोय की नाही हे बघायची सवय तिथंच लागली, आज मिक्सिंगला बसते तेव्हाही तीच आजी डोक्यात असते. आकडे नंतर शिकशील. युरोपातल्या टीव्हीला आर १२८ नियम आहे, त्यात पूर्ण कार्यक्रमाचा लाऊडनेस उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप), आपल्याकडे ज्याचं काम असेल तो चॅनल आपला स्पेक देतो तोच पाळायचा. आधी साधे हेडफोन घे, बासवाले नको, आणि रोज दहा मिनिटं अंगणात बसून काय काय ऐकू येतं ते वहीत लिही. हसू नकोस, खरंच लिही.

अमरावती_ग्रेड

हिरवट तोंडाचं कारण निंब. पानातून गाळून आलेला उजेड हिरवाच असतो अन् कॅमेऱ्याचं व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असते ती सेटिंग) ऑटोवर असन तं शॉटागणिक बदलते. डोळ्यावर भरोसा ठेवू नको, डोळा पाच मिनिटात हिरव्याले पांढरा म्हणाले लागते. व्हेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातले रंग कुठं पडतात ते दाखवणारा गोल आलेख, उघड, लाल अन् पिवळ्याच्या मधात स्किन टोनची रेघ असते, माणूस गोरा असो का काळा, कातडीचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडते. मावशीच्या गालावर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, बघ कुठं जाते ते. एक सांगतो, पांढऱ्या धोतरावर बॅलन्स करू नको, निळीचं असते ते, तोंड अजून पिवळं होईन. गोवरीची राख बघ, ती बरीचशी करडी असते. टाईमलाईन रेक ७०९ वर, म्हणजे एचडी टीव्हीच्या रंगाच्या स्टँडर्डवर, ठेव, अन् टीव्हीचा व्हिविड मोड बंद कर, अर्धा फरक तिथंच मिटते.

बाकी कलरचं काम मुंबईतही मोजक्याच खुर्च्यांचं हाये. साऊंडमध्ये डायलॉग साफ करणारे हात जास्त लागतात, म्हणून तुले तिथं लवकर उभं राहता येईन असं मले वाटते.

पुसदचा_एडिटर

खूप आभार सगळ्यांचे, स्कोपमध्ये पाह्यलं तं गाल खरंच हिरव्याकडं सरकले होते. साऊंडपासून सुरू करतो. या आठवड्यात लाईन रात्री येते तं मोटार रात्रीच चालते, आजच जाऊन ३० सेकंद रेकॉर्ड करून आणू का ताई?

वडसा_साऊंड

रात्री नको, रातकिडे येतील आणि मावशी दुपारची बोलतेय. दिवसाची पाळी लागली की जा, त्याच निंबाखाली, त्याच वेळेला.