सेक्टर, खंड की पाकळी?

मीनाक्षर: फाइलवर उभ्या केलेल्या आभासी डिस्कच्या मार्गदर्शिकेचं मराठीकरण तपासते आहे. त्यातलं एक वाक्य: 'खंडाचा आकार बदलून जोडल्यास खंड दिसत नाहीत.' पहिला खंड सेक्टर (डिस्कवरचा ठरावीक बाइटांचा छोटा तुकडा), दुसरा पार्टिशन (डिस्कचा वेगळा वापरायचा मोठा भाग)! सेक्टरला वेगळा शब्द सुचवा.

रेघोट्या: दहावीच्या भूमितीत सेक्टरला वर्तुळपाकळी म्हणतात, वर्तुळखंड म्हणजे सेगमेंट. सेक्टरचं मूळ लॅटिनमध्ये 'कापणे' या धातूत आहे. पाकळी घ्या, गोड आहे.

कळफलक: फाइलमध्ये पाकळी कुठली? फिरत्या डिस्कवरही बाहेरच्या ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) आतल्यापेक्षा जास्त सेक्टर बसवतात, म्हणजे भूमितीतली पाकळी तिथेही उरलेली नाही. सेक्टरच ठेवा.
आणि त्या वाक्यात कारणच नाही. जीपीटी म्हणजे पार्टिशनची यादी ठेवायची पद्धत; तिचा हेडर, म्हणजे सुरुवातीची नोंद, सेक्टर क्रमांक १ मध्ये असतो, मोजणी शून्यापासून. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर तो फाइलच्या सुरुवातीपासून ५१२ बाइटवर येतो, ४०९६ चा धरला तर ४०९६ वर. इमेज (आभासी डिस्कची ती फाइल) ५१२ ची आणि लूप डिव्हाइस (फाइलला डिस्क म्हणून दाखवणारी सोय) ४०९६ वर जोडलेलं, की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हेडर भलत्याच जागी शोधतो. डेटा शाबूत असतो; ५१२ वर पुन्हा जोडलं की पार्टिशन दिसतात. हे ठळक लिहा. एरवी माणूस घाबरून नवं पार्टिशन टेबल लिहितो आणि जुन्या नोंदी तेव्हा खऱ्या पुसल्या जातात.

रेघोट्या: इमेजला 'प्रतिमा' तरी करू नका. भौतिकशास्त्रात आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. ही फाइल तर खरीखुरी आहे.

मीनाक्षर: इमेज ठेवते. 'लॉजिकल' सेक्टरला तार्किक?

कळफलक: डिस्क आत ४०९६ चे सेक्टर लिहिते आणि बाहेर ५१२ सांगते. यात तर्क कसला? 'दर्शनी' म्हणा.

जुनीवही: तार्किक रुळलाय, मोडू नका. दर्शनी म्हटलं की शेअरचं दर्शनी मूल्य आठवतं.

कळफलक: तिथेही अर्थ तोच, वर छापलेला आकडा वेगळा आणि आतला वेगळा.

जुनीवही: पण दर्शनी मूल्य कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं. इथे जोडताना आकार बदलता येतो, मग 'घोषित' का नको?

रेघोट्या: घोषित म्हटलं की घोषणा करणारा कोण, हा प्रश्न येतो. डिस्क की कर्नल?

जुनीवही: लूप डिव्हाइसपुरतं बोलायचं तर कर्नल. खऱ्या डिस्कबाबत डिस्क स्वतः.

रेघोट्या: मग एकच शब्द दोघांना कसा चालेल?